मोरी मोडोन धुलाईमहाल बांधिला त्याची हकीकत

श्री जलदेवता प्रसन्न. डाग निघोत, पिळे घट्ट बसोत, वाळत घातलेले वाऱ्याने न उडो. श्रोत्यांनी ओले पाय पायपुसण्यास पुसोन बसावे आणि चित्त देवोन ऐकावे, की शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य सप्तमी, भानुवासर, ते दिवशी प्रातःकाळी सव्वानऊचे सुमारास राज्यात मोठा प्रलय जाहला, आणि त्यापासोन पुढे जे जे घडले ते आम्ही जैसे पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. इतके लिहितो की राज्य दुसऱ्या मजल्यावर आहे, खोल्या तीन, पश्चिमेस गॅलरी, आणि स्वयंपाकघराचे पाठीमागे मोरी, लांबी सात फूट, रुंदी पाच फूट, तीत खाली एक नळ, एक झिजलेला पाट आणि एक बारीक झरोका, ज्यातून शेजारचे इमारतीत आज काय तळले ते कळते.

या राज्याचे धनी राजश्री विश्रामराव. यांनी जमीन मोजणीचे खात्यात चौतीस वर्षे चाकरी केली आणि मुलूख पायाखाली घातला, आणि बांध, ओढे, गायराने ऐसी मोजली की दोन भाऊ बांधावरून हातघाईवर आले असता यांनी नकाशा उलगडावा आणि दोघांनी मुकाट घरी जावे. देहाने धिप्पाड, सहा फुटास दोन बोटे कमी, आवाज मोकळा, आणि लांबी-रुंदीचे वेड ऐसे की लग्नास गेले तरी मंगलाष्टके होईपर्यंत मांडव मोजोन होत असे. निवृत्त जाहल्यापासोन मोजावयास काही उरले नाही, म्हणोन मर्जी उदास असे. यांची सौभाग्यवती हेमलताबाईसाहेब, चणीने लहान, महाराजांच्या खांद्यास डोके लागते न लागते, बोलणे थोडके, आणि धुण्याचा सारा कारभार विवाहापासोन त्यांजकडे. कन्या शर्वरीबाई, वय सव्वीस, संगणकाचे दप्तरी चाकर, ती चाकरी घरीच बसोन करितात आणि कानास यंत्र लावोन परमुलखाशी बोलतात. मुलखात घरोघरी धुण्याचे मशीन आले, परंतु या राज्यात आले नाही, कारण मशीनने कॉलर निघत नाही ऐसे महाराजांचे मत, आणि मत एकदा जाहले की फिरवण्याचा येथे रिवाज नाही. सबब बाईसाहेबांनी नित्य मोरीत पाटावर बसावे, ब्रश घेवोन कॉलरी घासाव्या, आणि धुणे जाहल्यावर नळाचा आधार घेवोन उठावे. गुडघ्यांनी तीन वर्षांपासोन कुरकुर मांडिली होती. ती बाईसाहेबांनी कोणास सांगितली नाही, आणि कोणी विचारिली नाही.

ते दिवशी बाईसाहेब नळ धरोन उठावयास गेल्या तो नळ भिंत सोडोन हातात आला, आणि त्या पाण्यात बसल्या, आणि भिंतीतून पाण्याची धार सुटली ती समोरचे भिंतीस लागली. मग पाणी मोरीतून स्वयंपाकघरात आले, स्वयंपाकघरातून टोपलीतले बटाटे घेवोन दिवाणखान्यात आले, आणि महाराज खुर्चीवर वर्तमानपत्र वाचीत होते त्यांचे पायास पहिला बटाटा लागला तेव्हा राज्यावर संकट आल्याचे हुजुरात कळले. मुख्य कॉक कोठे आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. शर्वरीबाई गच्चीवर धावल्या आणि टाकीचे सारे कॉक फिरविले, त्याने सगळ्या इमारतीचे पाणी गेले, त्यात आपलेही गेले. बाईसाहेब मोरीतच बसोन होत्या, पदर भिजलेला, हातात नळ. महाराजांनी हात देवोन उठविले. मग त्या बोलिल्या, "मला उभ्यानं धुता येईल असं काहीतरी करा. मी आता खाली बसायची नाही." एवढेच बोलिल्या आणि नळ ओट्यावर ठेवोन बटाटे वेचावयास लागल्या, तेही वाकोन वेचावे लागले.

दुसरे दिवशी हाडांचे वैद्याकडे स्वारी गेली. वैद्याने गुडघे दाबोन पाहिले, फोटो काढविले, आणि सांगितले की जमिनीवर बसणे सोडा, संक्रांतीनंतर पुन्हा पाहू, तोवर सूज न उतरली तर शस्त्रक्रियेवाचोन इलाज नाही. बाईसाहेब शस्त्रक्रियेस फार भीत होत्या, हे येथे साफ लिहितो. त्यांची थोरली बहीण गुडघे बदलोन चार महिने पलंगावर होती आणि अजोन जिना चढताना एकेका पायरीस देवाचे नाव घेते. त्या रिक्षात बसल्या बसल्या रडल्या, आणि महाराज रिक्षातून उतरले ते शपथ घेवोनच उतरले, की मोरी मोडतो आणि तेथे ऐसा धुलाईमहाल उभा करितो की संक्रांतीचे धुणे राणी उभ्याने धुवील. संक्रांतीस तेव्हा बावीस दिवस होते.

एक गवंडी बोलावोन एक उंच ओटा बांधावा, वर नळ घ्यावा, काम दोन दिवसांचे. हे आम्हास कळत होते, मोरीतल्या पालीस कळत होते. परंतु महाराजांस पाच वर्षांनी काही मोजावयास मिळाले होते. त्यांनी माळ्यावरून लोखंडी पेटी उतरविली, फीत काढिली, पट्ट्या काढिल्या, पेन्सिलीस टोक केले, आणि मोरीची मोजणी आरंभिली, आणि एक मोजणी सकाळी, एक दुपारी, दोन्हीत पाव इंचाचा फरक आला म्हणोन तिसरी. मग मसलत बसली. शर्वरीबाईंनी अर्ज केला की एका कोपऱ्यात मशीनची जागा आणि भिंतीत प्लग असावा. महाराज बोलिले, जागा ठेवू, मशीनचे पुढे पाहू. मग साबणाचा कोनाडा कोणत्या भिंतीस, यावर दोन दिवस गेले, आणि निचऱ्याचा उतार ईशान्येस की आग्नेयेस, यावर तीन. शर्वरीबाईंनी मोबाइलवर एक चित्र केले, त्यात मोरी आत उभे राहिल्यासारखी दिसे, भिंती, ओटा, नळ, सारे जागच्या जागी, आणि बोटाने फिरविता येई. महाराजांनी चष्मा लावोन पाहिले आणि नापसंत केले. म्हणाले की याला नकाशा म्हणत नाहीत, भिंती आड येतात, जमीन दिसत नाही, नकाशा म्हटला की वरून दिसला पाहिजे. शर्वरीबाईंनी मोबाइल खिशात घातला आणि कानास यंत्र लाविले.

मग महाराजांचे मनात आले की कागदावर कोणासच काही उमजत नाही, तर नकाशा खऱ्या मापाने जमिनीवर आखावा, जैसा शेतात आखतात, म्हणजे सर्वांनी आत चालोन पाहावे. मोरीत तर जुने सामान, यास्तव दिवाणखान्यात आखावा ऐसे ठरले. कोच, टीपॉय, टीव्हीचे कपाट भिंतीस सरकविले. खडूने रेघ मारू गेले तो फरशी गुळगुळीत, खडू उमटेना. महाराज म्हणाले फक्की आणा, म्हणजे शेतात मारतात तो चुना. बाईसाहेब दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या की फरशीस चुना लागला तर तो खरवडायला खाली कोण बसणार. हे बोलणे हुजुरास रुचले नाही परंतु पटले. तेव्हा आक्कासाहेबांचे स्मरण जाहले.

आक्कासाहेब म्हणजे महाराजांची थोरली बहीण, नाव गोदाक्का, वय एकाहत्तर, मुक्काम तीन गल्ल्या पलीकडे, आणि रांगोळीचा हात ऐसा की डोळे मिटोन सरळ रेघ ओढावी. निरोप जाताच पितळी डबा घेवोन दाखल जाहल्या. महाराज फीत धरोन माप सांगत आणि आक्कासाहेब चिमटीने रेघ सोडीत, आणि अर्ध्या तासात सात बाय पाचचा धुलाईमहाल फरशीवर उतरला, दार, झरोका, कोनाडा, ओटा, निचरा, मशीनची जागा, सर्व. महाराजांचे डोळे भरोन आले, त्यांनी आक्कासाहेबांस वाकोन नमस्कार केला आणि चहा सांगावयास आत गेले. चहा उकळेतो आक्कासाहेब डबा घेवोन एकट्याच बसल्या होत्या. आता रांगोळीची रेघ घालायची आणि चौकट रिकामी ठेवायची हे त्यांच्याच्याने सत्तर वर्षांत जाहले नव्हते. त्यांनी दाराशी लक्ष्मीची पावले घातली. मग ओटा ओका दिसतो म्हणोन त्यात अष्टदल कमळ काढिले. मग निचऱ्याचे भोक उघडे बरे दिसेना, तेथे शंख काढिला, मशीनचे जागी गाईची पावले, चार कोपऱ्यांत स्वस्तिके, आणि महाराज कप घेवोन बाहेर आले तो आक्कासाहेब हळदकुंकू वाहोन हात जोडीत होत्या.

महाराज म्हणाले, आक्का, चला, आता आत चालोन पाहू. आक्कासाहेब बोलिल्या, "विश्राम, हळदकुंकू वाहिलंय. त्यावर पाय ठेवशील?"

येणेप्रमाणे धुलाईमहालात प्रवेश बंद जाहला. पुसावा म्हटले तर आक्कासाहेब म्हणाल्या की हळदकुंकवास केरसुणी लावितात काय, आणि महाराज देहाने एवढे थोराड परंतु आक्कासाहेबांपुढे ब्र काढण्याची प्राज्ञा कोणाची नाही. मग पंखा बंद, खिडक्या बंद, केर बंद, आणि ज्यास दिवाणखान्यातून जाणे असेल त्याने भिंतीस पाठ लावोन आडवे सरकत जावे, ऐसा हुकूम निघाला. शर्वरीबाई संगणक डोक्यावर धरोन सरकत. महाराजांनी पुढील मोजणी बाहेरून चालविली, छत्रीचे टोकास फीत बांधोन ती आत ढकलीत आणि ओणवे होवोन आकडे वाचीत. घरात जी खोली अजोन बांधलीच नाही तिला वळसा घालता घालता सहा दिवस गेले, आणि आम्ही लाजेने लिहितो की तिसरे दिवसापासोन ते आम्हासही स्वाभाविक वाटू लागले.

चवथे दिवशी खालचे मजल्याचे राजश्री भालचंद्रपंत कारेगावकर रागाने वर आले. प्रलयाचे दिवसापासोन त्यांचे स्वयंपाकघरात छतातून पाणी टपकत होते आणि ते नेमके डाळीचे डब्यावर टपकत होते, आणि ते आज काय ते सुनवायचे म्हणोन जिन्यातूनच जुळवाजुळव करीत आले. दार उघडले तो समोर रांगोळी, हळदकुंकू, शंख, कमळ, आणि सर्व राजकुटुंब भिंतीने हळूहळू फिरत आहे. पंतांनी तत्काळ चपला काढिल्या, हात जोडिले, आणि हलक्या आवाजात विचारिले की प्रदक्षिणा किती घालायच्या. आक्कासाहेब म्हणाल्या, वास्तूचं आहे. पंत तैसेच खाली गेले आणि घटकेत पत्नीस घेवोन आले, त्या रेशमी साडी नेसोन, हातात नारळ आणि ब्लाउजपीस. आता घरात कोणी नारळ घेवोन आले असता त्यांस कोरडे कैसे पाठवावे, म्हणोन बाईसाहेबांनी शिरा टाकिला. शिऱ्याचा वास त्याच झरोक्यातून पलीकडे गेला, आणि पाच वाजेतो दोन्ही इमारतींतल्या अकरा बायका दर्शनास येवोन गेल्या. महाराजांस हर्ष मावेना, कारण एवढा प्रेक्षक नकाशास चौतीस वर्षांत लाभला नव्हता. ते छत्री रोखोन एकेक दाखवीत की हा साबणाचा कोनाडा, हा निचरा, उतार आग्नेयेस, आणि बायकांनी मनोभावे निचऱ्यास हळदकुंकू वाहिले आणि मशीनचे जागी दोघींनी सुपारी ठेविली. डाळीचा डबा पंत विसरोनच गेले.

मात्र या सहा दिवसांत धुणे काही थांबले नव्हते. मोरीचा फुटका नळ बूच मारोन बंद केला होता, तेथे पाणी नाही म्हणोन बाईसाहेब न्हाणीघरात बादली उपडी घालोन तीवर बसोन धूत होत्या, आणि दर्शनाचे दिवशी तर हातपुसणी, टेबलक्लॉथ आणि शिरा सांडलेली एक सतरंजी अधिक पडली. डावा गुडघा टोपीएवढा सुजला. रात्री शेक घेताना त्या दोनदा म्हणाल्या की ओट्याचं काय झालं. महाराजांनी त्यांस दारापर्यंत नेवोन छत्रीने कमळ दाखविले आणि म्हणाले, हा काय ओटा. बाईसाहेबांनी कमळाकडे पाहिले आणि बोलिल्या, "हा तर जमिनीवर आहे." महाराज हसले आणि म्हणाले की नकाशात सगळे जमिनीवरच असते. त्या हसल्या नाहीत, भिंत धरोन आत गेल्या. आमचा तो दिवस फार वाईट गेला, परंतु बखर लिहिणाराने मसलतीत तोंड घालू नये, म्हणोन गप्प राहिलो.

संक्रांतीस आठ दिवस उरले तेव्हा शर्वरीबाईंनी कोणास न पुसता हणमंता मिस्त्री यांस फोन लाविला. हे मिस्त्री मोठे कसबी, माणूस सरळ, अवजारे गोणपाटात गुंडाळलेली. ते आले, रांगोळी पाहिली, डोक्याची टोपी काढोन नमस्कार केला, आणि विचारिले की पूजा आटपली असेल तर मोरी कोठे आहे. महाराजांनी नकाशाचे वर्णन आरंभिले. मिस्त्री ऐकत ऐकत भिंतीने सरकत मोरीत गेले, दोन मिनिटे उभे राहिले, आणि म्हणाले की उद्या सकाळी वाळू, विटा आणि कडाप्पा घेवोन येतो, दोन दिसांचं काम हाय, तेरवापासनं दुसरीकडं लागलोय, तिकडून संक्रांत हून आठ दिसांनीच सुटतो. वाळूची पोती दिवाणखान्यातूनच न्यावी लागणार, सबब आक्कासाहेबांस पुन्हा आणिले. त्यांनी महालावर अक्षता टाकिल्या आणि उत्तरपूजेचे "पुनरागमनाय च" म्हणावयास तोंड उघडिले तो बाईसाहेब आतून म्हणाल्या, "वन्सं, तेवढं नका म्हणू." आक्कासाहेब थबकल्या, मग न म्हणताच ओल्या फडक्याने रांगोळी आवरली, आणि सुपाऱ्या मोजोन डब्यात घातल्या.

पहिले दिवशी मिस्त्रींनी जुनी मोरी फोडिली आणि नवा नळ भिंतीतून वर घेतला, फक्त तोटी कोठे काढायची ते राखोन ठेविले. दुसरे दिवशी सकाळी बाईसाहेब वैद्याकडे शेकावयास गेल्या आणि तेथून बहिणीकडे जेवणास जाणार होत्या. मागे दिवाणखान्यात महाराज, आक्कासाहेब, शर्वरीबाई, आणि भालचंद्रपंतही होते, ते आता नित्य येत. मिस्त्रींनी आतून हाक दिली की वटा किती उंच घ्यायचा. महाराज म्हणाले, नकाशात पाहा. मिस्त्री बाहेर आले आणि म्हणाले, "सायेब, नकाशात लांबी हाय, रुंदी हाय. उंची न्हाई."

महाराजांनी कागद उलगडिला. कागद चवदा होते, रंगीत पेन्सिलीने भरलेले, साबणाचे कोनाड्याचे तर तीन निरनिराळे. चवदाही पाहिले. उंची कोठेच नव्हती. शेतास उंची नसते, आणि चौतीस वर्षे शेते मोजणारास ती आठवावी कैसी. परंतु ज्या एका गोष्टीसाठी हा सारा खटाटोप मांडिला तीच राहिली, हे त्यांस त्या क्षणी कळले, आणि त्यांचे कान लाल जाहले. बायकोची कंबर भुईपासोन किती, हे महाराजांस ठाऊक नव्हते. आक्का पाहत होती, कन्या पाहत होती, पंत पाहत होते, आणि चुकलो हे म्हणण्याचा तर सराव नव्हता. मिस्त्री म्हणाले की आकडा नसला तरी चालतंय, आमच्यात धुणारं मानूस हुबं करत्यात आन् त्याच्या कमरंला खूण करत्यात, तर धुणारं मानूस हितं हुबं ऱ्हावं. आता मोजणीचे कामी खुणेची काठी धरोन उभे राहावयाचे म्हणजे महाराजांनीच, दुसऱ्यास ते कधी उभे राहू देत नसत. ते एकदम पुढे जाहले, मोरीत ताठ उभे राहिले आणि म्हणाले, आमच्यावरून घे.

मिस्त्रींनी पेन्सिल कानावरून काढिली, महाराजांस खालपासोन वरपर्यंत पाहिले, आणि विचारिले, "सायेब, तुमीच धुणार न्हवं?"

महाराज अडकले होते. नाही म्हणावे तर उंची विसरल्याचे उघड होते, आणि मग कोणास उभे करायचे, तर बाईसाहेब घरात नाहीत, आणि मिस्त्री उद्या नाहीत. "आम्हीच समज," ऐसे महाराज बोलिले, आणि आवाज मोठा काढिला म्हणजे संशय राहू नये. मिस्त्रींनी भिंतीस खूण केली, साडेतीन फुटांवर. शर्वरीबाईंनी खूण पाहिली, पित्याकडे पाहिले, आणि तोंड उघडोन मिटले. त्या का बोलल्या नाहीत हे आम्हास ठाऊक आहे, परंतु लिहीत नाही. मग विटा चढल्या, कडाप्पा बसला, तोटी जुळली, पाणी सोडिले तो चांगले आले.

सायंकाळी पाचास बाईसाहेब आल्या. त्या चपला काढोन थेट मोरीत गेल्या, लंगडतच गेल्या, आणि मुखावर ऐसा हर्ष की आम्ही तो तीन वर्षांत पाहिला नव्हता. ओट्यापुढे उभ्या राहिल्या. ओटा त्यांचे छातीस लागला. तोटी नाकासमोर आली. त्यांनी हात वर उचलोन कडाप्प्यावर ठेविले, जैसे लहान मूल दुकानाच्या फळीवर ठेवते.

मग भावाची चूक झाकावी म्हणोन आक्कासाहेबांनी मिस्त्रीस फैलावर घेतले, की डोळे कोठे होते, बाईमाणूस एवढे उंच असते काय. मिस्त्री गोणपाट बांधीत होते, ते न रागावता म्हणाले, "आक्का, सायेबांनी सांगितलं त्येच धुणार. पंतांना इचारा." भालचंद्रपंत जमिनीकडे पाहोन म्हणाले की हो, आपल्यासमोर बोलणे जाहले. महाराजांचा आवाज खाली आला. ते म्हणाले, मिस्त्री, हे पाडा आणि पुन्हा बांधा. मिस्त्री म्हणाले की पाडतो, परंतु पुन्हा बांधणे संक्रांतीनंतर आठ दिवसांनी, तोवर बाईंना बादलीवरच बसावं लागंल. आक्कासाहेबांनी सुचविले की खाली एक स्टूल ठेवावे, हेमा वर चढोन धुवील. बाईसाहेब म्हणाल्या, वन्सं, गुडघा चढत असता तर पाटच काय वाईट होता. महाराज दारात उभे होते, हातात फीत होती, ती त्यांनी गुंडाळली, पुन्हा उलगडली. मग हळूच म्हणाले की चूक आमची जाहली, तुला विचारायला हवं होतं. हे वाक्य या राज्यात प्रथमच ऐकू आले, सबब जैसे बोलले तैसे लिहिले आहे.

बाईसाहेबांनी कडाप्प्यावरून हात फिरविला, तोटी उघडली, बंद केली, आणि मिस्त्रींकडे वळोन बोलिल्या, "पाडू नका. ओटा छान झालाय. जे उभे राहिले त्यांच्या मापाचा अगदी बरोबर आहे." आणि पदराने हात पुसोन दिवाणखान्यात गेल्या आणि कोचावर बसल्या, दोन्ही पाय टीपॉयवर घेवोन.

दुसरे दिवशी सकाळी सातास महाराज धुलाईमहालात दाखल जाहले. भिजविणे आदले रात्री करायचे असते हे तेव्हा कळले. मग साबण किती, हे मोजोन घेतले, तरी फेस कोपरापर्यंत आला. पांढऱ्यात शर्वरीबाईंचा लाल मोजा गेला आणि सर्व सदरे गुलाबी जाहले, ते त्यांनी कोणास न दाखवता गॅलरीच्या आतल्या दोरीवर घातले. पहिले दिवशी अडीच तास लागले, दुसरे दिवशी दोन तास दहा मिनिटे. कॉलरीस ब्रश किती घासावा लागतो तेही समजले, आणि मग धुण्यास आणखी कॉलर पडू नये म्हणोन ते दोन दिवस एकच सदरा अंगात राहिला. तिसरे दिवशी, तो शनिवार होता, शेवटचा टॉवेल पिळोन महाराज ओल्या हातांनी बाहेर आले. बोटांची टोके सुरकुतलेली, पाठ आखडलेली, बनियन भिजलेले. बाईसाहेब कोचावर होत्या, गुडघ्यावर शेकाची पिशवी, आणि पुढ्यात वर्तमानपत्र. सूज उतरली होती. महाराज समोरच्या खुर्चीवर बसले. मग विचारिले, "हेमा, हे रोज एवढं असतं?"

बाईसाहेबांनी वर्तमानपत्राचे पान उलटिले आणि बोलिल्या, "एवढं नसतं. उद्या रविवार, उद्या चादरी असतात."

येणेप्रमाणे मोरी मोडोन धुलाईमहाल जाहला. संक्रांतीनंतर वैद्याने गुडघे पाहिले आणि शस्त्र नको म्हणाला. महालाची लांबी सात फूट, रुंदी पाच फूट, ओट्याची उंची साडेतीन फूट, आणि ती आता नकाशावर लाल पेन्सिलीने, महाराजांचे स्वहस्ते, लिहिलेली आहे. पुढे चादरींचे काय जाहले ते लिहावयास आता आमचेही हात कोरडे नाहीत, सबब लेखन येथे पुरे करितो.